मुखवटा नेमका कुणाचा?

18 सप्टेंबर 1698 रोजी दुपारी तीनच्या सुमारास बॅस्टिल तुरुंगाचे नवे किल्लेदार सँ-मार पॅरिसमध्ये दाखल झाले. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या सँत-मार्गरीत बेटावरून ते आले होते, आणि त्यांच्याच डोलीतून एक कैदीही आला होता. बॅस्टिलमधला दुय्यम अधिकारी एत्येन द्यू जुंका मोठा टापटिपीचा माणूस. तुरुंगात कोण आले, कोण सुटले, कोण मेले याची वही तो ठेवत असे. त्या दिवशी त्याने जे टिपले त्याचा आशय थोडक्यात असा: हा कैदी सँ-मार यांच्याकडे पिन्येरोलच्या किल्ल्यापासून आहे, त्याला नेहमी मुखवटा घालून ठेवतात आणि त्याचे नाव उच्चारले जात नाही. रात्री नऊ वाजता त्याला बर्तोदिएर बुरुजातल्या तिसऱ्या खोलीत हलवण्यात आले. पाच वर्षांनी, 19 नोव्हेंबर 1703 च्या सोमवारी रात्री दहाच्या सुमारास, फारसा आजारी न पडताच तो मेला. मुखवटा काळ्या मखमलीचा होता हेही द्यू जुंकानेच लिहून ठेवले. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता सँ-पोलच्या दफनभूमीत त्याला पुरले आणि त्यासाठी 40 लिव्र खर्च आला. चर्चच्या नोंदवहीत नाव पडले ‘मार्शिओली’, वय सुमारे 45. हे वय खरे मानले तर कैदेत पडला तेव्हा तो जेमतेम अकरा वर्षांचा पोरगा ठरतो. तेव्हा वय खोटे, आणि नावही त्याच मापाचे.

जगभर ‘लोखंडी मुखवट्यातला कैदी’ म्हणून गाजलेला माणूस हाच. मखमलीचे लोखंड कसे झाले ही कथा वेगळी आहे आणि तिच्याकडे पुढे यावेच लागेल. गेल्या तीन शतकांत या मुखवट्याआड लोकांनी कुणाकुणाला पाहिले त्याची यादी करायला बसले तर पानेच्या पाने भरतील: लुई चौदाव्याचा जुळा भाऊ, त्याचा अनौरस थोरला भाऊ, त्याचा स्वतःचा अनौरस मुलगा, इंग्लंडचा बंडखोर ड्यूक ऑफ मॉनमथ, क्रीटच्या लढाईत नाहीसा झालेला ड्यूक द बोफोर, रणांगणातून माघार घेतलेला एक सेनापती, मांतुआच्या दरबारातला एक दगाबाज मंत्री. या सगळ्या उत्तरांमागे एक गृहीत आहे आणि ते इतके साहजिक वाटते की त्याची झडती कुणी घेत नाही. चेहरा झाकला, म्हणजे चेहऱ्यातच धोका असणार. धोका चेहऱ्यात आहे, म्हणजे तो ओळखीचा चेहरा असणार. आणि त्या काळात लोकांच्या ओळखीचा चेहरा म्हणजे राजाचा, नाण्यावरचा. जुळ्या भावाची कल्पना या तर्काच्या टोकाला आपोआप येऊन बसते. माझे म्हणणे असे की या साखळीतली पहिलीच कडी कच्ची आहे. उपलब्ध कागद सालवार मांडले की दिसते ते असे: सरकार या माणसाचा चेहरा लपवत नव्हते, त्याला ठाऊक असलेली गोष्ट लपवत होते. मुखवटा आला तो फार उशिरा, आणि आला तो सरकारच्या गरजेपोटी नव्हे, तुरुंगाधिकाऱ्याच्या.

पहिला कागद 19 जुलै 1669 चा आहे. लुई चौदाव्याचा युद्धमंत्री लूव्वा याने तो पिन्येरोलला सँ-मारच्या नावे धाडला. पिन्येरोल म्हणजे आजच्या इटलीतले, तुरीनच्या नैर्ऋत्येचे पिनेरोलो. तेव्हा ते फ्रान्सच्या ताब्यात होते. पत्रात लूव्वा कळवतो की युस्ताश दोजे नावाचा कैदी पाठवत आहोत, त्याच्यासाठी कोठडी तयार ठेवा. कोठडीला एकाआड एक दारे हवीत, म्हणजे पहारेकऱ्यांना आतला आवाज ऐकू जाणार नाही. दिवसातून एकदाच सँ-मारने स्वतः जाऊन अन्न द्यावे. कैदी आपल्या गरजांपलीकडे काही बोलू लागला तर त्याला जिवे मारण्याची धमकी द्यावी. आणि शेवटी एक व्यवहारी सूचना: हा निव्वळ नोकर आहे, त्याच्या खोलीत फार सामानसुमान लागणार नाही. डंकर्कच्या शिबंदीचा अधिकारी व्होरुआ याने या माणसाला कॅलेच्या परिसरात पकडले आणि ऑगस्टमध्ये, फ्रान्सचे उत्तर टोक ते आल्प्सचा पायथा असा लांबचा पल्ला पार करून, पिन्येरोलला पोचवले. खटला झाला नाही, आरोपपत्र नव्हते. राजाच्या सहीशिक्क्याचे बंद पत्र एवढीच काय ती कायदेशीर बाब, आणि त्या काळच्या फ्रान्समध्ये तेवढे पुरे होते.

हे पत्र जरा सावकाश वाचण्यासारखे आहे. दारे कशासाठी? आवाजासाठी. धमकी कशासाठी? बोलण्यासाठी. चेहरा झाका, खिडकीतून तो कुणाला दिसू देऊ नका म्हणून मुखवटा घाला, असा शब्दही त्यात नाही. सगळी काळजी तोंडाची आहे, तोंडवळ्याची नाही. राजाशी साम्य असलेला माणूस पाठवला जात असता तर पहिली सूचना कोणती असती? अर्थात एका पत्रावरून एवढे मोठे अनुमान काढू नये, असे कुणी म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल. म्हणून पुढची पत्रे पाहायची.

पिन्येरोलमध्ये तेव्हा एक खरोखरच बडा कैदी होता. निकोला फुके, लुईचा माजी अर्थमंत्री. 1661 मध्ये त्याला द’आर्तान्याँने अटक केली (होय, कादंबरीतला तोच, तो खरा माणूस होता आणि सँ-मार त्याच्याच हाताखालचा मस्केटिअर), आणि जन्मठेपेची शिक्षा भोगायला 1665 च्या आरंभी फुके पिन्येरोलला आला. 1671 मध्ये त्याच किल्ल्यात कोंत द लोझँ हा दरबारी उमराव येऊन पडला. उमरावांना कैदेतही नोकर लागत, आणि आयुष्यभर तुरुंगात कोंडून घ्यायला तयार होणारे नोकर मिळेनात. 1672 मध्ये लोझँसाठी नोकर शोधताना सँ-मारने आपणहून सुचवले की दोजे चांगला नोकर होईल. लूव्वाने नकार दिला. 1675 मध्ये मात्र त्याच दोजेला फुकेची चाकरी करायची परवानगी त्याने दिली, एका अटीवर: लोझँशी त्याची गाठ पडता कामा नये. जानेवारी 1679 मध्ये फुके आणि लोझँ यांना एकमेकांना भेटायची मुभा मिळाली तेव्हाही लूव्वाने बजावले की लोझँ आत येईल त्या वेळी दोजेने खोलीत असू नये.

या एका व्यवस्थेत दोन गोष्टी उघड होतात. पहिली, दोजे फुकेसमोर उघड्या चेहऱ्याने वावरत होता. फुके हा काही गावंढळ गृहस्थ नव्हे. राजाला, राजमातेला, सगळ्या राजघराण्याला आणि दरबाराला तो वर्षानुवर्षे जवळून ओळखत होता. फ्रान्समधल्या ज्या मूठभर लोकांपासून राजाच्या जुळ्या भावाचा चेहरा लपवायला हवा होता, त्यांत फुकेचा नंबर पहिला लागला असता. दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. फुके चालतो आणि लोझँ चालत नाही, हा फरक का? फुके मरेपर्यंत सुटणार नव्हता. लोझँ आज ना उद्या राजाची मर्जी परत मिळवील आणि बाहेर जाईल अशी शक्यता होती (1681 मध्ये तो खरेच सुटला). म्हणजे हिशेब साधा आहे: ज्याला कधीच बाहेर जायचे नाही त्याच्या कानावर काही गेले तरी बिघडत नाही. हा हिशेब गुपित जपणाऱ्याचा आहे. आणि आणखी एक. सतराव्या शतकातल्या फ्रेंच दरबारात जन्म आणि हुद्दा म्हणजे सर्वस्व होते. राजासमोर कुणी पाठीच्या खुर्चीवर बसायचे आणि कुणी बिनपाठीच्या बैठकीवर, यावरून वाद पेटत. अशा समाजात राजवंशाचे रक्त असलेल्या माणसाला, कैदी असला तरी, एका पदच्युत मंत्र्याचे कपडे झटकायला लावणे कुणाला सुचलेही नसते. दोजेला नोकर नेमले कारण तो नोकर होता.

लूव्वाची चिंता काय होती हे त्याने 23 नोव्हेंबर 1678 च्या पत्रात स्वतःच सांगून टाकले आहे. सँ-मारला बाजूला ठेवून त्याने थेट फुकेला लिहिले, हीच मुळात असाधारण गोष्ट. त्याने विचारले ते असे की पिन्येरोलला येण्यापूर्वी दोजेला कोणत्या कामावर वापरले होते, त्याबद्दल तो तुमच्या दुसऱ्या नोकरासमोर, ला रिव्हिएरसमोर, काही बोलला आहे काय? म्हणजे गुपित एका कामाचे आहे. त्या कामात त्याला कुणीतरी वापरले होते. 23 मार्च 1680 रोजी फुके मेला. त्याच्या आणि लोझँच्या खोल्यांमध्ये एक चोरवाट होती आणि दोघे कित्येक दिवस गुपचूप भेटत होते, हे त्यानंतर उघड झाले. आता लोझँलाही काही कळले असणार, अशी धास्ती पडली. लूव्वाने हुकूम सोडला: दोजे आणि ला रिव्हिएर दोघांना सोडून दिले असे लोझँला सांगा आणि प्रत्यक्षात दोघांना एकाच खोलीत कोंडा, कुणाशीही संपर्क न होऊ देता. ला रिव्हिएर बिचारा गुन्हेगारसुद्धा नव्हता. पगारी नोकर म्हणून किल्ल्यात आला आणि शेजारच्या माणसाने काही सांगितले असेल या संशयावरून जन्माचा कैदी झाला. जानेवारी 1687 मध्ये तो तसाच मेला. या प्रकरणावर जमलेल्या ढीगभर लिखाणात या माणसासाठी कुणी चार ओळी खर्च केलेल्या क्वचितच दिसतात. ज्याच्यावर अन्याय झाला हे निःसंशय सिद्ध करता येते असा या गोष्टीतला माणूस खरे तर तो आहे. आणि त्याची शिक्षाही कानांमुळे ओढवली, डोळ्यांमुळे नव्हे.

1691 मध्ये लूव्वा मेला आणि त्याचा मुलगा बार्बेझ्यू मंत्री झाला. त्यानेही त्याच वर्षी सँ-मारला लिहिताना वीस वर्षांपासून तुमच्या ताब्यात असलेला कैदी असाच उल्लेख केला, आणि नोव्हेंबर 1697 मध्ये बजावले की आपल्या जुन्या कैद्याने काय केले याचा कुणापाशीही खुलासा करू नका. ‘काय केले’. 1669 ते 1697, अठ्ठावीस वर्षे, दोन मंत्री, आणि भाषा तीच. तो कोण आहे हे कळू देऊ नका, असे या पत्रांत कुठेच म्हटलेले नाही.

मग मुखवटा आला कुठून? त्यासाठी सँ-मारकडे वळायला हवे, कारण या नाटकाचा तोच सूत्रधार आहे. फुकेचा पहारेकरी म्हणून त्याची नेमणूक झाली आणि त्याचे भाग्य उघडले. पगार, बक्षिसे, जमिनी, उमरावकीचा मान, सगळे त्या एका कैद्यामुळे. मग लोझँ आला, आणखी प्रतिष्ठा वाढली. पण 1680 मध्ये फुके मेला, 1681 मध्ये लोझँ सुटला, आणि ज्याच्या मुठीत कालपर्यंत फ्रान्सचे दोन बडे लोक होते त्या सँ-मारच्या हाती उरले दोन नोकर. त्यांना घेऊन तो एग्झीलच्या दुर्गम डोंगरी किल्ल्यावर गेला. तिथे तो कंटाळला, हवा मानवेना, बदली मागत राहिला. 1687 मध्ये त्याला सँत-मार्गरीत बेटाची किल्लेदारी मिळाली. त्या प्रवासात दोजेला मेणकापडाने गच्च झाकलेल्या खुर्चीत बसवून नेण्यात आले. वाटेत बारा दिवस लागले. कैद्याला पुरेशी हवा मिळत नव्हती आणि तो आजारी पडला, असे सँ-मारनेच कळवले आहे. आणि याच साली, सप्टेंबर 1687 मधल्या एका हस्तलिखित बातमीपत्रात, पोलादी मुखवटा घातलेल्या कैद्याचा उल्लेख पहिल्यांदा येतो. ते लिहिणारा फुकेचाच धाकटा भाऊ, आग्दचा बिशप लुई फुके, असे मानले जाते. म्हणजे अटकेनंतर तब्बल अठरा वर्षांनी मुखवटा दृश्यात प्रवेश करतो. त्याच बातमीपत्रात सँ-मारचे एक सूचक बोलणे नोंदले आहे: जे मेले असे लोकांना वाटते ते सगळेच मेलेले नाहीत. ज्याला खरेच काही लपवायचे असते तो असे बोलत नाही.

सँ-मारचा हा स्वभाव नवा नव्हता. दोजे येऊन दोन आठवडेही होतात न होतात तोच त्याने लूव्वाला कळवले होते की हा फ्रान्सचा मार्शल असावा असे इथे बऱ्याच लोकांना वाटते. 1670 च्या एप्रिलमध्ये तो लिहितो की काही जण माझ्या कैद्याबद्दल फार चौकशा करतात, मी त्यांना थापा मारून त्यांची गंमत करतो. 8 जानेवारी 1688 च्या पत्रात सँत-मार्गरीतवर बांधलेल्या नव्या कोठड्यांची तो अशी तारीफ करतो की युरोपात त्याहून भक्कम कोठड्या नसतील, आणि मग समाधानाने सांगतो की या सगळ्या प्रांतात कुणी म्हणतात माझा कैदी म्हणजे ड्यूक द बोफोर, तर कुणी म्हणतात क्रॉमवेलचा मुलगा. पत्रांचा सूर पाहा. गुपित फुटते की काय अशी धास्ती त्यांत नाही. आपल्या मालाचा भाव वधारल्याचे समाधान आहे. आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि सँ-मारची मूठ तर रिकामीच होती. आत एक म्हातारा, आजारी नोकर होता. इतिहासकार जाँ-क्रिस्तियाँ पेतिफिस यांनी हा निष्कर्ष ठामपणे मांडला आहे आणि मला तो पटतो. मुखवटा घाला असा राजाचा किंवा मंत्र्याचा एकही लेखी हुकूम आजवर सापडलेला नाही, हे त्याच्या बाजूचे बळकट प्रमाण.

आता आक्षेपांकडे. सगळ्यांत वजनदार आक्षेप मात्तिओलीच्या नावाने येतो. एर्कोले आंतोनिओ मात्तिओली हा मांतुआच्या ड्यूकचा मंत्री. कझालेचा किल्ला गुपचूप फ्रान्सला विकण्याचा सौदा 1678 मध्ये त्याने जुळवला, पैसे घेतले आणि मग तीच बातमी फ्रान्सच्या शत्रूंना विकली. लुईने मे 1679 मध्ये त्याला तुरीनजवळ पळवून पिन्येरोलमध्ये टाकले. चर्चच्या वहीतले ‘मार्शिओली’ हे नाव त्याच्या नावाशी जुळते आणि एकोणिसाव्या शतकात मारियुस तोपँ, फुंक-ब्रेंतानो अशा जाणत्या संशोधकांनी त्याचाच पक्ष घेतला. पण 1681 मध्ये सँ-मार एग्झीलला गेला तेव्हा त्याने एका मुत्सद्द्याला स्पष्ट लिहिले आहे की मात्तिओली इथेच, पिन्येरोललाच राहणार. तो सँत-मार्गरीतला आला 1694 मध्ये, आणि त्याच वसंतात बेटावर आलेल्यांपैकी एक कैदी मेल्याचे दिसते. ज्याच्या दिमतीला नोकर होता असा. तो मात्तिओलीच असण्याचा संभव फार मोठा. शिवाय मात्तिओलीत गुपित उरले होते काय? त्याच्या अपहरणाची हकिगत 1682 मध्येच एका पुस्तिकेत छापून युरोपभर फिरली होती. ज्याची कथा बाजारात विकली जाते त्याचा चेहरा वीस वर्षांनी कशाला झाकायचा? राहिला प्रश्न नावाचा. बंदिवानाला पुरताना खोटे नाव लावायचेच होते, आणि सँ-मारच्या ताब्यात पूर्वी असलेल्या, आता मेलेल्या कैद्याचे नाव यासाठी सोयीचे होते.

दुसरा आक्षेप कथाप्रेमींचा. कैद्याला आदराने वागवत, उत्तम लिनन आणि लेस मिळे, तो गिटार वाजवी, किल्लेदार त्याच्यासमोर उभा राही; हे सगळे नोकराला कसे शोभते? हे सगळे येते व्हॉल्तेअरकडून. 1717 मध्ये तो स्वतः बॅस्टिलमध्ये होता, तिथल्या जुन्या माणसांकडून काही ऐकले असणे शक्य आहे. पण त्याने ‘लुई चौदाव्याचे शतक’ प्रसिद्ध केले 1751 मध्ये, कैद्याच्या मृत्यूनंतर 48 वर्षांनी; आणि अटकेचे साल 1661 टाकले, जे सरळ चुकले आहे. जेवता यावे म्हणून हनुवटीला पोलादी स्प्रिंगा असलेला मुखवटा त्याच्याच लेखणीतला. 1771 मध्ये त्याच्या नावे आलेल्या मजकुरात कैदी राजाचा थोरला भाऊ झाला. व्हॉल्तेअरला राजसत्तेच्या मनमानीविरुद्ध एक धारदार हत्यार हवे होते आणि ते त्याला मिळाले. त्याच्या हेतूबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही, पण साक्षीदार म्हणून तो चालणार नाही. त्याची चांदीच्या ताटाची गोष्ट प्रसिद्ध आहे: कैद्याने ताटावर काही कोरून खिडकीबाहेर फेकले, ते कोळ्याला सापडले, आणि तुला वाचता येत नाही हे तुझे नशीब, असे किल्लेदार म्हणाला. या गोष्टीचे मूळ 1692 मधल्या सँ-मारच्या पत्रात सापडते. बेटावर कोंडलेला साल्व्ह नावाचा प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक आपल्यावरचा अन्याय कळावा म्हणून कथलाच्या भांड्यांवर आणि कपड्यांवर मजकूर लिहीत असे. कथलाची चांदी झाली, धर्मोपदेशकाचा राजपुत्र झाला. कादंबरीकार द्यूमाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ‘ल व्हिकोंत द ब्राजलोन’मध्ये जुळा भाऊ आणला तेव्हा ही इमारत पूर्ण झाली आणि पुढे चित्रपटांनी तिला रंग दिला. या अफवांचे सर्वांत मजेदार पिलू मात्र नेपोलियनच्या काळात निघाले: कैद्याने बेटावर लग्न केले, मूल कॉर्सिकाला धाडले, आणि बोनापार्ट घराणे त्याच वंशातले. म्हणजे सम्राट आपोआप बूर्बाँ गादीचा कायदेशीर वारस!

तिसरा आक्षेप खरा अवघड आहे. मुखवटा सँ-मारच्या बढाईखोरीचा, हे मान्य केले तरी 34 वर्षांची कैद त्याची नव्हती. ती राजाची होती. एका नोकरापायी एवढा खर्च, एवढी पत्रे, चार तुरुंग कशाला? गळा दाबून टाकला असता तर काम फत्ते होते. याचे एक उत्तर असे की लुईचे शासन क्रूर होते पण त्याला कागद लागे. गुपचूप खून करणे ही त्याची रीत नव्हती, गुपचूप कोंडणे ही होती. दुसरे उत्तर त्याहून रुक्ष. कैद एकदा सुरू झाली की ती थांबवायला कुणीतरी निर्णय घ्यावा लागतो, चालू ठेवायला कुणालाच घ्यावा लागत नाही. 1669 चे गुपित 1680 पर्यंत शिळे झाले असेलही, पण तोपर्यंत त्या माणसाला नाहीसे करण्याच्या पद्धती हेच नवे गुपित झाले होते. सोडून दिला असता तर तो अकरा वर्षांच्या कोठडीबद्दल, फुकेबद्दल, चोरवाटेबद्दल, ला रिव्हिएरबद्दल बोलला असता. आणि ज्याला या कैद्याचा पोशिंदा म्हणता येईल तो सँ-मार, हा कैदी आता निरुपद्रवी आहे असे मंत्र्याला कधी कळवणार होता? त्याच्या बॅस्टिलच्या किल्लेदारीपर्यंतच्या प्रवासात हा कैदी हेच त्याचे भांडवल होते.

राहिले ते मूळ काम, 1669 पूर्वीचे. इथे अंदाजांची गर्दी आहे, पण निदान हे अंदाज योग्य प्रश्नाला भिडतात. अँड्र्यू लँग यांनी 1903 मध्ये असे मांडले की हा नोकर म्हणजे रू द मार्सीयी या ह्युगनॉट (फ्रेंच प्रॉटेस्टंट) कटकर्त्याचा इंग्लंडमधला चाकर मार्तँ. मार्सीयीला पॅरिसमध्ये 22 जून 1669 रोजी चाकावर हाडे मोडून ठार मारले, आणि महिन्याभरात दोजेबद्दलचे पहिले पत्र निघाले; तारखा मोहात पाडणाऱ्या आहेत. पण 13 जुलैलाच फ्रेंच परराष्ट्र खात्याने लंडनला कळवले होते की मार्तँला आणण्याची आता गरज नाही, आणि सहा दिवसांनी त्यालाच पकडण्याची तयारी व्हावी हे विचित्र दिसते. मोरिस द्यूव्हिव्हिए यांनी 1932 मध्ये युस्ताश दोजे द काव्होआ नावाचा एक बदनाम उमराव पुढे केला. तो 1678 मध्ये पॅरिसच्या सँ-लाझार मठात कोंडलेला होता आणि तिथून बहिणीला पत्र लिहीत होता, त्यामुळे तो निकालात निघाला. पॉल सोनिनो यांनी 2016 मध्ये कैदी हा कार्डिनल माझारँच्या खजिनदाराचा नोकर होता आणि त्याला माझारँने इंग्लंडच्या राजघराण्याच्या संपत्तीवर मारलेल्या डल्ल्याची माहिती होती असे प्रतिपादन केले. हे चतुर आहे, पण लूव्वाच्या पत्रात ‘वापरले होते’ म्हणजे कामगिरीवर पाठवले होते असा ध्वनी आहे, आणि पैशाच्या घोटाळ्याच्या साक्षीदाराला तो बसत नाही.

माझा स्वतःचा कल इंग्लिश खाडीकडे आहे. 1669 हे साल म्हणजे लुई आणि इंग्लंडचा दुसरा चार्ल्स यांच्यात गुप्त वाटाघाटी चालू असलेले साल. त्यांतून पुढल्या वर्षी डोव्हरचा गुप्त तह झाला. फ्रेंच पैशाच्या बदल्यात चार्ल्स कॅथलिक पंथ स्वीकारल्याचे जाहीर करील, हे त्या तहातले कलम बाहेर फुटले असते तर प्रॉटेस्टंट इंग्लंडमध्ये त्याचे सिंहासन डळमळले असते. असे निरोप खाडीपार ने-आण करणारी माणसे लागत, आणि दोजेला पकडले ते कॅलेच्या परिसरात, डंकर्कच्या अधिकाऱ्याकरवी. चार्ल्स 1685 मध्ये मेला, पण तोवर अशा निरोप्याला कैदेत सोळा वर्षे झाली असती आणि सँ-मारचा धंदा जोरात होता. तरीही या मांडणीला एक पत्र सतत टोचत राहते. 10 जुलै 1680 रोजी, फुकेच्या मृत्यूनंतर साडेतीन महिन्यांनी, लूव्वाने सँ-मारला विचारले की तुम्ही मला पाठवलेली वस्तू युस्ताशने कशी काय तयार केली, आणि त्यासाठी लागणारी रसायने त्याला मिळाली कुठून? ती वस्तू कोणती हे पत्र सांगत नाही. निरोप्याचे हे काम नव्हे. गुप्त शाई असेल, औषध असेल, विष असेल. या तिन्हीपैकी काहीही असले तरी निव्वळ नोकर असलेल्या या माणसाच्या हातांना एक कसब होते, आणि लूव्वाला 1678 मध्ये ज्या कामाची काळजी वाटत होती ते काम त्या कसबाशी जोडून पाहायला हवे.